नाव कुठलंही घ्या, पण जावा अद्ययावत कोण ठेवणार?

प्रश्न: कोल्हापूर भागातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीच्या तांत्रिक प्रमुखांचं पत्र आहे. कंपनीत सगळे मिळून ३४ जण. पतसंस्थांसाठी ठेवी, कर्ज आणि दैनंदिन हिशेबाचं सॉफ्टवेअर ते बनवतात. सर्व्हरवर टॉमकॅट (जावातले वेब प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) चालतो, शाखांमधल्या विंडोज मशीनवर स्विंगमधला (जावाच्या खिडक्या-बटणांच्या संचातला) प्रोग्रॅम, आणि सगळीकडे ओरॅकलचं जावा ८. मध्यंतरी जावाच्या वापराची माहिती मागणारा एक ईमेल आला आणि ऑफिसात धांदल उडाली. मालक म्हणतात, ‘फुकटचं वापरून उद्या संस्थेचा हिशेब बिघडला तर जाब कुणाला विचारायचा?’ टीममध्ये टेमुरिन, कोरेटो आणि झुलू या ओरॅकलबाहेरच्या मोफत जावांवरून तीन तट पडलेत. एकाचं म्हणणं, आता बदलायचंच तर थेट जावा २१ वर जाऊ. पत्रलेखकांचे प्रश्न तीन: कोणतं घ्यावं, सर्वांत वेगवान कोणतं, आणि पतसंस्थांच्या मशीनचं काय?

उत्तर: नमस्कार. तुमच्या मालकांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो रास्त आहे आणि त्याचं उत्तर नीट दिलं नाही तर पुढचं काहीच हलणार नाही.

‘फुकटचं’ आणि ‘खरं’ अशी दोन वेगळी जावा नाहीत. जावा बनवणाऱ्या सन कंपनीने २००६-०७ मध्ये जावाचा सोर्स जीपीएल परवान्याखाली खुला केला. २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेली, तरी तो सोर्स खुलाच राहिला. त्यालाच आपण ओपनजेडीके म्हणतो. ओरॅकलचं स्वतःचं जेडीके (जावाचे प्रोग्रॅम बनवण्या-चालवण्याचा पूर्ण संच) त्यातूनच बनतं. टेमुरिन, कोरेटो, झुलू, लिबेरिका, मायक्रोसॉफ्टचं बिल्ड, रेड हॅटचं बिल्ड हीही त्याच सोर्सची बिल्ड, म्हणजे त्यातून बनवलेली तयार पॅकेजं, आहेत. सुरक्षेचे पॅच दर जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये येतात आणि ही मंडळी ते त्याच दिवशी किंवा पुढच्या काही दिवसांत आपापल्या बिल्डमध्ये आणतात. एप्रिल २०२२ मध्ये जावा १५ ते १८ मधली एक गंभीर चूक दुरुस्त झाली: ईसीडीएसए पद्धतीची रिकामी, खोटी डिजिटल सहीसुद्धा खरी म्हणून स्वीकारली जात होती. ती चूक पैसे भरणाऱ्यांच्या जावामध्येही होती आणि न भरणाऱ्यांच्याही. वाचले ते वेळेवर अपडेट करणारे.

त्यामुळे मालकांना असं सांगा: पैसे देऊन मिळतो तो फोन उचलणारा माणूस आणि जुन्या आवृत्त्यांसाठी लांबवर मिळणारे पॅच. हिशेब चुकला तर भरपाई मिळण्याची सोय सहसा कुठल्याच परवान्यात नसते. तो फोन उचलणारा माणूस हवाच असेल तर अझूल (झुलू बनवणारी कंपनी), बेलसॉफ्ट (लिबेरिका बनवणारी) आणि रेड हॅट ओपनजेडीकेसाठी सशुल्क मदत देतात. ती नंतरही घेता येते.

आता परवान्याचं, कारण ईमेलची धास्ती तिथूनच आहे. ‘ओरॅकल जावा ८’ एवढ्यावर काहीच कळत नाही. अपडेट कितवं, ते महत्त्वाचं. जावा ८ चं २०२ वं अपडेट जानेवारी २०१९ चं. तोवरच्या आवृत्त्या जुन्या परवान्याखाली येतात आणि सर्वसाधारण संगणकावर धंद्यासाठीही मोफत वापरता येतात. त्यातून काही ‘व्यावसायिक’ सोयी मात्र वगळल्या आहेत, उदाहरणार्थ त्या काळातला फ्लाइट रेकॉर्डर (चालू प्रोग्रॅमची तांत्रिक नोंद ठेवणारं साधन) आणि कंपन्यांसाठीचा एमएसआय इन्स्टॉलर. एप्रिल २०१९ पासूनच्या अपडेटना वेगळा परवाना आहे: घरगुती वापर, डेव्हलपमेंट आणि चाचणी मोफत, प्रत्यक्ष कामकाजाला सबस्क्रिप्शन. म्हणजे तुमच्या डेव्हलपरच्या मशीनवर जे चालतं, ते शाखेच्या काउंटरवर चालतंच असं नाही. आणि एखाद्या शाखेत जावाच्या अपडेटरने विचारलं, कुणी ‘हो’ दाबलं, तर ते मशीन कुणाच्या लक्षात न येता एका परवान्यातून दुसऱ्यात गेलं.

जेडीके १७ पासून ओरॅकलने पुन्हा मोफत वापराची मुभा दिली, पण ती मुदतीची आहे: पुढची दीर्घकालीन आवृत्ती आल्यावर एक वर्षापर्यंतच्या अपडेटपुरती. १७ साठी ती सप्टेंबर २०२४ ला संपली, २१ साठी सप्टेंबर २०२६ पर्यंत आहे. ज्यांना दर दोन वर्षांनी मोठी आवृत्ती बदलणं जमतं त्यांना हे चालेल. शंभर शाखांत स्विंगचा प्रोग्रॅम बसवणाऱ्यांनी त्यावर विसंबू नये.

जानेवारी २०२३ पासून ओरॅकलचं सबस्क्रिप्शन कर्मचारीसंख्येवर आहे. ९९९ पर्यंत कर्मचारी असतील तर जाहीर दर माणशी महिना १५ डॉलर. तुमच्या ३४ जणांचे वर्षाचे ६,१२० डॉलर होतात, जावा दोघांच्याच मशीनवर असलं तरी. पण तुम्ही विचारायला हवा तो प्रश्न दुसराच आहे. शाखेतलं जावा चालवते पतसंस्था, तेव्हा परवानाही तिचाच लागतो आणि मोजले जातात तिचे कर्मचारी. त्या व्याख्येत अर्धवेळ आणि हंगामी माणसं येतातच, शिवाय संस्थेच्या अंतर्गत कामाला हातभार लावणारे कंत्राटदार आणि एजंटही येतात. पिग्मी गोळा करणाऱ्या एजंटांचं काय, हा प्रश्न एखाद्या संस्थेच्या सचिवांना तुमच्यामुळे पडू नये एवढी काळजी तुम्ही नक्की घेऊ शकता.

म्हणून पहिलं काम बिल्ड निवडण्याचं नाही, यादी करण्याचं. प्रत्येक मशीनवर ‘जावा -व्हर्जन’ ही कमांड द्या. उत्तरात ‘जावा (टीएम) एसई रनटाइम’ आणि ‘हॉटस्पॉट (टीएम)’ आलं तर ते ओरॅकलचं. ‘ओपनजेडीके रनटाइम’ आलं तर शेजारी बहुधा बनवणाऱ्याचं नाव दिसतं. पण ही कमांड पाथमधला (संगणक प्रोग्रॅम शोधतो त्या फोल्डरांच्या यादीतला) पहिला जावाच दाखवते. विंडोजवर ‘व्हेअर जावा’ दिलं की पाथमधले बाकीचेही दिसतात. ओरॅकलचा इन्स्टॉलर ‘कॉमन फाइल्स’मध्ये स्वतःचा ‘जावापाथ’ फोल्डर टाकून पाथच्या सुरुवातीला बसतो, त्यामुळे नवीन जावा टाकूनही जुनाच चालत राहतो असा अनुभव पुष्कळांना येतो. टॉमकॅट विंडोज सर्व्हिस म्हणून चालत असेल तर तो पाथ पाहत नाही. सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये जेव्हीएमच्या (जावा प्रत्यक्ष चालवणाऱ्या इंजिनच्या) डीएलएल फाइलचा पत्ता वेगळा लिहिलेला असतो, तिथे बघा. बिल्ड सर्व्हर, बॅकअपची मशीन आणि डॉकर इमेजही (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेली पॅकेजं) यादीत घ्या. डॉकर हबवरची ‘ओपनजेडीके’ नावाची अधिकृत इमेज २०२२ पासून कालबाह्य ठरवलेली आहे. ती वापरात असेल तर ‘एक्लिप्स-टेमुरिन’ची घ्या.

आता तुमच्या टीममधले तीन तट. वेगाचा वाद आधी मिटवून टाका. टेमुरिन, कोरेटो, झुलू या तिन्हींत तेच हॉटस्पॉट इंजिन आहे. आवृत्ती, अपडेट आणि मेमरीची सेटिंग सारखी असतील तर तुमच्यासारख्या कामात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. फरक पडतो तो ८ वरून १७ किंवा २१ वर गेल्याने. अपवाद आयबीएमच्या सेमेरूचा. त्यात हॉटस्पॉटऐवजी ओपनजे९ इंजिन आहे. ते मेमरी कमी घेतं, पण मेमरी-सफाईची सेटिंग आणि समस्या शोधायची पद्धत दोन्ही वेगळी. तुमच्या टीमला हॉटस्पॉटची सवय असेल तर तिकडे वळायचं काही कारण दिसत नाही.

माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी टेमुरिन. एक्लिप्स फाउंडेशनच्या अ‍ॅडॉप्टियम गटाचं हे बिल्ड अधिकृत सुसंगतता चाचणी पार करून येतं, कुठल्या एका क्लाउड कंपनीशी बांधलेलं नाही, आणि विंडोज-लिनक्स अशी तुमच्यासारखी सरमिसळ असलेल्या ठिकाणी सहज बसतं. शिवाय नुसतं जेआरईसुद्धा (प्रोग्रॅम चालवण्यापुरतं जावा, म्हणजे रनटाइम) मिळतं. सगळे सर्व्हर अ‍ॅमेझॉनवर असते तर मी कोरेटो म्हटलं असतं, आणि रेड हॅट लिनक्सवर असते तर त्याच्यासोबत येणारंच. मायक्रोसॉफ्टचं बिल्ड ११ पासून पुढे आहे, ८ साठी नाही, म्हणून तुमच्या सध्याच्या गरजेला ते लागू नाही. स्विंगसोबत कुठे जावाएफएक्सचा (स्विंगनंतर आलेल्या खिडक्यांच्या संचाचा) पडदा वापरला असेल तर मात्र टेमुरिन ८ वर तो उघडणारच नाही, कारण ओरॅकलच्या ८ मध्ये जावाएफएक्स आत होतं आणि टेमुरिनमध्ये नाही. अशा वेळी लिबेरिकाचं ‘फुल’ किंवा झुलूचं ‘एफएक्स’ बिल्ड घ्या.

डाउनलोड करताना दोन ठिकाणी पाय घसरतो. ओरॅकल स्वतःही जीपीएलखाली ओपनजेडीकेची बिल्ड देतं, पण त्यांना सहाच महिने अपडेट मिळतात आणि मग ती संग्रहात जाऊन पडतात. ‘ओपनजेडीके १७’ म्हणून शोधून तिथलं जुनं बिल्ड उतरवणारे पुष्कळ असतात. दुसरं, एकाच कंपनीची मोफत आणि सशुल्क उत्पादनं जवळजवळ एकाच नावाने असतात. अझूलचं झुलू मोफत, पण त्याच अझूलचं प्राइम प्रत्यक्ष कामकाजासाठी मोफत नाही. फाइलसोबतचा परवाना वाचूनच ती शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि इथे तुमच्या २१ वाल्या सहकाऱ्याशी माझं पटत नाही. बिल्ड बदलणं आणि आवृत्ती वाढवणं ही दोन कामं एका दिवशी करू नका. आधी ओरॅकल ८ वरून टेमुरिन ८ वर जा. ते स्थिरावलं की १७ किंवा २१. दोन्ही एकत्र केलं आणि पासबुकची छपाई सरकली तर कारण फॉन्ट आहे की लोकेल (भाषा-देशाप्रमाणे तारखा-आकडे मांडायची सेटिंग) की नवीन आवृत्ती, हे शोधताना आठवडा जातो आणि शाखेत रांग लागलेली असते.

८ वरून ८ वर जातानाही काही गोष्टी मोडतात, त्या आधीच पाहून ठेवा.

स्टार्टअपच्या सेटिंगमध्ये ‘अनलॉक कमर्शिअल फीचर्स’ असा पर्याय राहिलेला असेल तर ओपनजेडीके तो ओळखत नाही आणि जेव्हीएम सुरूच होत नाही. तो काढून टाका. फ्लाइट रेकॉर्डर ओपनजेडीके ८ मध्ये २६२ व्या अपडेटपासून असाही आहे. शाखांत प्रोग्रॅम वेब स्टार्टने (लिंकवरून प्रोग्रॅम उतरवून चालवण्याच्या सोयीने) उघडत असेल तर टेमुरिनमध्ये वेब स्टार्ट नाही, त्यासाठी ओपनवेबस्टार्ट हे मोफत साधन वेगळं बसवावं लागतं. प्रोग्रॅम ईएक्सईच्या वेष्टणात असेल आणि ते वेष्टण विंडोज रजिस्ट्रीत जावासॉफ्टची नोंद शोधत असेल, तर टेमुरिनच्या इन्स्टॉलरमध्ये ती नोंद आणि ‘जावा होम’ हे दोन्ही पर्याय आपण स्वतः निवडावे लागतात. नुसतं ‘नेक्स्ट’ दाबत गेलात तर शाखेतून ‘जावा सापडत नाही’ असा फोन येणार.

सर्टिफिकेटचा गोंधळ सर्वांत जास्त वेळ खातो. बँकेच्या किंवा एसएमएस सेवेच्या जोडणीसाठी कुणीतरी पूर्वी जुन्या जावाच्या ‘केसर्ट्स’ या विश्वासू सर्टिफिकेटांच्या फाइलमध्ये सर्टिफिकेट घातलेलं असतं आणि ते कुठेच लिहून ठेवलेलं नसतं. नवीन जावाची फाइल वेगळी, म्हणून जोडणी तुटते. जुनी फाइल नव्यावर कॉपी करू नका, त्याने नवीन मूळ सर्टिफिकेट हरवतात. कीटूल या जावासोबतच्या साधनाने दोन्ही फाइलमधली यादी काढा, तुलना करा, आणि आपण घातलेली तेवढीच नव्यात आयात करा. त्याहून बरं म्हणजे आपली सर्टिफिकेट वेगळ्या ट्रस्टस्टोअर फाइलमध्ये ठेवून तिचा पत्ता प्रोग्रॅमला देणं. मग पुढच्या प्रत्येक अपडेटला हे काम उरत नाही.

तुम्ही २०२ व्या अपडेटवर अडकला असाल तर आवृत्ती तीच दिसली तरी मधली बरीच वर्षं एका उडीत ओलांडली जातात. एप्रिल २०२१ पासून टीएलएस (जोडणी सुरक्षित ठेवण्याची पद्धत) १.० आणि १.१ बंद आहेत. जुन्या एसक्यूएल सर्व्हर २००८ शी किंवा एखाद्या जुनाट गेटवेशी बोलताना ‘नो अ‍ॅप्रोप्रिएट प्रोटोकॉल’ अशी चूक येते. खरा उपाय समोरच्या बाजूला टीएलएस १.२ चा पॅच टाकण्याचा. अगदीच अडलं तर त्या एका मशीनवर जावाच्या सिक्युरिटी फाइलमधली बंदी तात्पुरती शिथिल करता येते, पण केव्हा परत लावणार ती तारीख लिहूनच. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरत असाल तर ३२ आणि ६४ बिटचा मेळ पाहा. ६४ बिट जावाला टोकनची ३२ बिट डीएलएल वाचता येत नाही.

आणि छपाई. ओरॅकल ८ अक्षरं रेखाटायला स्वतःचं बंदिस्त इंजिन वापरत असे, ओपनजेडीके फ्रीटाइप वापरतं. अक्षरांच्या रुंदीत बारीक फरक पडतो आणि पासबुकची ओळ पुढच्या रकान्यात घुसते. प्रत्येक मॉडेलच्या प्रिंटरवर एक पासबुक, एक एफडी पावती आणि एक मोठा रिपोर्ट छापून जुन्याशी ताडून पाहा. लिनक्स सर्व्हरवर रिपोर्ट बनत असतील तर फॉन्टकॉन्फिग आणि एखादा देवनागरी फॉन्ट, नोटो किंवा लोहित, आधी बसवा. नाहीतर पीडीएफऐवजी फॉन्टकॉन्फिगची चूक मिळते, किंवा मराठी नावांच्या जागी चौकोन.

हे दोन-तीन महिने नीट चाललं की दुसरा टप्पा. मी १७ वर एक थांबा घेऊन मग २१ असं सुचवीन. टॉमकॅटमागे स्प्रिंग बूट (जावातले वेब प्रोग्रॅम लिहायचा तयार सांगाडा) असेल तर त्याच्या ३ ला किमान १७ लागतंच. जावा ११ मध्ये जॅक्सबी (एक्सएमएल वाचण्या-लिहिण्याची सोय) काढून टाकलं, ते आता वेगळी लायब्ररी म्हणून जोडायचं. १७ मध्ये जावाच्या आतल्या वर्गांत रिफ्लेक्शनने (प्रोग्रॅम चालू असताना आडवाटेने) शिरणं बंद झालं, त्यामुळे जुन्या रिपोर्टिंग आणि लॉम्बॉक (साचेबंद कोड आपोआप लिहिणारी लायब्ररी) यांच्या आवृत्त्या कोसळतात. लॉम्बॉक १७ साठी किमान १.१८.२२ आणि २१ साठी १.१८.३० हवं. जुन्या स्क्रिप्टमधलं सीएमएस कलेक्टरचं (मेमरी-सफाईच्या जुन्या पद्धतीचं) सेटिंग १७ वर जेव्हीएमला सुरूच होऊ देत नाही. काढून टाकलेल्या भागांचा आणि आतल्या वर्गांचा थेट वापर कुठे आहे याची आगाऊ खबर ‘जेडेप्स’ हे जेडीकेमधलंच साधन देतं, रिफ्लेक्शनचा वापर मात्र त्याला दिसत नाही. जुन्या जार फाइलवर ते आजच चालवा.

मात्र एक गोष्ट कुठलंच साधन सांगणार नाही, आणि महाराष्ट्रात ती हमखास आडवी येते. जावा १८ पासून फाइल वाचण्याची मूळ सांकेतिक पद्धत सगळीकडे यूटीएफ-८ झाली. त्याआधी विंडोजवर ती बहुधा विंडोज-१२५२ असायची. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये साठवलेली सभासदांची नावं आणि पत्ते याच १२५२ च्या वरच्या बाइट्समध्ये बसलेले असतात. तोच मजकूर २१ वर यूटीएफ-८ समजून वाचला गेला की अक्षरं प्रश्नचिन्हांत बदलतात, आणि तो परत सेव्ह झाला की मूळ कायमचं जातं. म्हणून कोडमध्ये जिथे जिथे फाइल किंवा बाइट्स वाचले-लिहिले जातात तिथे सांकेतिक पद्धत स्पष्ट लिहा. चाचणीसाठी १७ वरच फाइल एन्कोडिंग यूटीएफ-८ देऊन प्रोग्रॅम चालवा, बिघाड तिथेच दिसेल. हे होईपर्यंत २१ वर जुन्या डेटाला हात लावू नका.

लोकेलही तपासा. ९ पासून तारखा आणि आकड्यांची मांडणी सीएलडीआर या सामायिक संचातून येते. मराठी लोकेल असेल तर आकडे देवनागरीत येऊन पुढची एक्सेल आयात अडते का, ब्रिटिश इंग्रजी लोकेलमध्ये सप्टेंबरचं लघुरूप तीन अक्षरांऐवजी चार अक्षरी झाल्याने तारीख वाचणं मोडतं का, हे पाहा. लाख-कोटींचे स्वल्पविराम मात्र जावाचा मूळ डेसिमल फॉरमॅट कुठल्याच आवृत्तीत नीट देत नाही, त्यासाठी आयसीयूची लायब्ररी लागते. तेवढ्यासाठी रनटाइम बदलू नका.

शाखांच्या मशीनबद्दल माझा स्पष्ट सल्ला असा: जावा संस्थेने इन्स्टॉल करावं ही अपेक्षाच सोडा. टेमुरिनचं जेआरई तुमच्या प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्येच द्या आणि ईएक्सईला तेच वापरायला सांगा. पुढे १७ वर गेलात की ‘जेलिंक’ने लागतील तेवढीच मॉड्यूल घेऊन छोटं रनटाइम बनवता येतं. जीपीएलसोबतच्या क्लासपाथ सवलतीमुळे तुमचा स्वतःचा कोड खुला करावा लागत नाही. पण रनटाइम तुम्ही वाटता आहात, म्हणून त्यातल्या परवान्याच्या फाइल जशाच्या तशा ठेवायच्या आणि त्याच बिल्डचा सोर्स मागणाऱ्याला देता येईल अशी सोय करायची. कुठे अजून ३२ बिट विंडोज असेल तर त्यासाठी ८ चं ३२ बिट बिल्ड मिळतं, पण २४ पासून जावाने ३२ बिट विंडोज पूर्ण सोडलं आहे. त्या मशीन बदलायची तारीख संस्थेकडून आत्ताच घ्या.

यात एक जबाबदारी तुमच्याकडे येते, ती मालकांना आधीच सांगा. दर तिमाहीला नवं जेआरई तपासून शाखांत पोचवणं आता तुमचं काम. त्यासाठी एका माणसाचं नाव ठरवा. पहिल्या आठवड्यात ऑफिसात चाचणी, दुसऱ्यात दोन शाखा, तिसऱ्यापासून बाकीच्या. मागच्या अपडेटचा फोल्डर एक तिमाही जपून ठेवा, म्हणजे मागे यायला पाच मिनिटं लागतील. वार्षिक देखभालीच्या करारात हे काम वेगळ्या ओळीत लिहिलंत तर त्याचे पैसेही मागता येतील, आणि ते मागायला हवेत.

राहिला तो ईमेल. घाईने सगळ्या मशीनवरून जावा काढून ‘आमच्याकडे नव्हतंच’ असं उत्तर पाठवू नका. आधी वरची यादी तारखेसह तयार करा. उत्तर एकाच माणसाने, लेखी, खरं आणि विचारलं तेवढंच द्यावं. कुणी पाठवलेली स्क्रिप्ट काय गोळा करते हे समजल्याशिवाय सर्व्हरवर चालवू नका. यादीत २०२ च्या पुढची अपडेट कामकाजाच्या मशीनवर निघाली तर उत्तर देण्याआधी करार समजणाऱ्या वकिलाला ती दाखवा. पतसंस्थांना मात्र हे तुम्हीच आपणहून कळवा, आणि मार्चअखेरीच्या गडबडीत नको: वर्षअखेर उरकली, लेखापरीक्षकांना लागणारे रिपोर्ट निघाले की मगच पहिल्या दोन शाखांत टेमुरिन टाका.